लेकीच्या अभ्यासाचा विषय

मुलगी काय शिकते, असे स्थळाकडच्या मंडळींनी विचारले की आम्ही दोघे नवरा-बायको एकमेकांकडे पाहतो. "राज्यशास्त्रात एम.ए. करतेय," एवढ्यावर भागत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, प्रबंध कशावर? मग सांगावेच लागते : वंशसंहारावर. चहाचा कप ओठांपाशी थांबतो. एका बाईंनी तर विचारले, "असं काही शिकवतात होय? आणि त्यात नोकरी कुठं मिळते?" दापोलीकडच्या आमच्या गावात मुली डी.एड. करतात, फार्मसी करतात, हल्ली नर्सिंगला जातात. आमच्या धाकटीने हे काय काढले, हा प्रश्न आधी भावकीला पडला आणि मग, खरे सांगायचे तर, आम्हालाही.

पण गेले दीड वर्ष तिची पुस्तके घरभर पसरलेली आहेत. सुट्टीला आली की ती जेवताना त्याच गोष्टी बोलते. ऐकता ऐकता आम्हीही वाचायला लागलो. त्यावरून घरात वाद झाले, अबोलाही झाला. त्याविषयी लिहावे असे दोघांनाही वाटले.

आधी शब्दाचे पाहू. मराठीत आपण सरसकट 'नरसंहार' म्हणतो. शंभर माणसे मेली तरी नरसंहार, लाख मेली तरी नरसंहार. उर्दूतला 'नस्लकुशी' हा शब्द मुळाला जास्त जवळचा आहे. इंग्रजीतला 'जेनोसाइड' हा शब्द तर फार जुना नाहीच. राफाएल लेम्किन नावाच्या पोलंडमधल्या ज्यू वकिलाने तो घडवला आणि १९४४ साली छापून आणला. नाझींनी त्याच्या घरातली जवळजवळ पन्नास माणसे मारली. त्याच्याच धडपडीतून ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांचा करार झाला. भारताने त्याला १९५९ मध्ये मान्यता दिली, मात्र त्यासाठी वेगळा कायदा आजतागायत केलेला नाही. करारातली व्याख्या दोन-चार ओळींचीच आहे, पण तिची मेख एका शब्दात आहे : हेतू. एखादा राष्ट्रीय, वांशिक, वर्णाचा किंवा धर्माचा समूह, समूह म्हणूनच, संपूर्ण किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू. मेलेल्यांची संख्या कितीही मोठी असली तरी हेतू दाखवता आला नाही तर न्यायालय हा शब्द वापरत नाही.

हेतू मारणाऱ्याच्या मनात असतो. तो बाहेर कसा काढायचा? या शास्त्राचा बराचसा खटाटोप त्यासाठीच आहे, हे आम्हाला स्रेब्रेनित्सामुळे कळले.

बोस्नियाचे नाव आपल्या घरांत नवे नाही. १९९५ साली आमच्या मशिदीत जुम्याच्या नमाजनंतर तिथल्या लोकांसाठी दुआ होत असे, हे आम्हाला आठवते. ज्या गावाला संयुक्त राष्ट्रांनी १९९३ मध्ये 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर केले होते, ते ११ जुलै १९९५ रोजी बोस्नियन सर्बांच्या फौजेच्या हाती पडले. डच सैनिक पहाऱ्याला होते, ते पाहत राहिले. बायका, मुले आणि म्हातारी माणसे, मिळून पंचवीस हजारांच्या आसपास, बसगाड्यांत घालून हाकलली. पुरुष आणि मोठे मुलगे वेगळे काढले. काही हजार पुरुष जंगलातून तुझ्लाच्या दिशेने चालत निघाले होते, त्यांतलेही पुष्कळ पकडले गेले. थोड्याच दिवसांत आठ हजारांहून अधिक जण गोळ्या घालून मारले. पोतोचारीच्या कब्रस्तानातल्या दगडावर ८३७२ हा आकडा कोरलेला आहे.

इथवर आम्हाला माहीत होते. पुढचे लेकीने सांगितले. मारणाऱ्यांनी त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात यंत्रे आणून मोठमोठे खड्डे पुन्हा उकरले आणि प्रेते ट्रकांत भरून दूरदूरच्या छोट्या खड्ड्यांत नेऊन टाकली. यंत्राच्या फावड्याने शरीरांचे तुकडे झाले. एका माणसाची हाडे दोन-तीन ठिकाणी, कुठे चार-पाच ठिकाणी सापडली. आता सिद्ध कसे करायचे, की या खड्ड्यातला माणूस मुळात त्या खड्ड्यात होता?

इथे अभ्यासक कामाला लागले. मातीचे नमुने घेतले. बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्या जुळवल्या. डोळ्यांवर बांधलेल्या पट्ट्यांचे कापड दोन्हीकडे एकच आहे का ते पाहिले. कोझलुक नावाच्या जागी बाटल्या भरण्याच्या कारखान्याची फुटकी काच टाकलेली असायची. तीच हिरवी काच आणि तीच लेबले मैलोगणती दूरच्या खड्ड्यांत हाडांबरोबर निघाली. काही मृतांच्या मनगटावर सेइकोची स्वयंचलित घड्याळे होती. असे घड्याळ हात हलत असेपर्यंत चालते, हात थांबला की दीड-दोन दिवसांत बंद पडते, आणि त्यावर वार आणि तारीख असते. जुलैच्या मधल्या त्या आठवड्यातले वार-तारखा घेऊन ती घड्याळे मातीत पडून होती. हे वाचून आमच्यापैकी एकाने आपले घड्याळ काढून टेबलावर ठेवले, ते रात्रभर तिथेच राहिले.

नॉर्वेच्या सांख्यिकी खात्यात काम करणारा हेल्गे ब्रुनबोर्ग नावाचा लोकसंख्याशास्त्रज्ञ होता. सर्बांच्या बाजूने म्हणणे असे, की बेपत्ता म्हणून सांगितलेली माणसे जिवंत आहेत, त्यांनी युद्धानंतर मतदानसुद्धा केले. या माणसाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शांतपणे बेपत्तांच्या याद्या घेतल्या, १९९१ च्या जनगणनेशी एकेक नाव, बापाचे नाव, जन्मतारीख ताडून पाहिली, मग युद्धानंतरच्या मतदार याद्यांशी ताडली. जुळण्यासारखी नावे बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. जनगणना आणि मतदार यादी! आपल्याकडे शाळेतल्या मास्तरांना उन्हातान्हात दारोदार हिंडवणारी ही दोन रुक्ष कामे. आम्ही दोघांनीही नोकरीत असताना ती केली आहेत. तिथे हजारो मृतांची साक्ष त्याच कागदांनी दिली.

आणि मग बायका. डीएनए तपासणी सुरू होण्याआधी रेडक्रॉसने आणि डॉक्टरांच्या एका संस्थेने मृतांच्या अंगावरच्या कपड्यांचे आणि खिशातल्या वस्तूंचे फोटो छापून पुस्तके काढली. आया आणि बायका ती पुस्तके चाळत. कुणी पायमोजा ओळखला, कुणी स्वेटरला आपणच मारलेला टाका ओळखला. पुढे बेपत्ता व्यक्तींसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने जमवले आणि २००१ पासून हाडांशी जुळवायला सुरुवात केली. आतापर्यंत सुमारे सात हजार जणांची ओळख पटली आहे. ओळख पटली म्हणजे पूर्ण शरीर मिळाले असे नाही. आयोगाचा माणूस दारात येऊन आईला सांगतो : तुमच्या मुलाची इतकी हाडे मिळाली आहेत. आत्ता दफन करायचे, की आणखी मिळेपर्यंत थांबायचे? पुष्कळ घरांत यावरून वर्षानुवर्षे निर्णय झाला नाही. काहींनी दफन केले, आणि नंतर आणखी हाडे सापडल्यावर कबर पुन्हा उघडावी लागली.

बोस्नियातले मुसलमान हनफी, आम्ही कोकणातले शाफई. पण मय्यतीला गुस्ल, कफन, जनाजा वेळेत मिळावा ही ओढ सारखीच. त्यांच्या भाषेतही जनाजाला जवळपास तसेच म्हणतात, शहीदला शहीदच. दर ११ जुलैला पोतोचारीत त्या वर्षी ओळख पटलेल्यांचा सामुदायिक जनाजा होतो. हिरव्या कापडाने झाकलेल्या पेट्या माणसांच्या डोक्यांवरून, हातोहात पुढे सरकत जातात. त्या पेटीला ते 'ताबूत' म्हणतात. आपल्याकडे ताबूत म्हटले की मोहरम आठवतो, ढोल आठवतात. तिथे एवढी हलकी पेटी असते, की आत काही आहे का असे वाटावे.

हा सगळा पुरावा न्यायालयापुढे गेला. प्रश्न असा उभा राहिला की बायका-मुलांना तर मारले नाही, मग याला वंशसंहार कसे म्हणायचे? हेगच्या न्यायाधिकरणाने जनरल क्रस्तिचच्या खटल्यात २ ऑगस्ट २००१ रोजी उत्तर दिले, आणि अपिलात २००४ साली ते कायम राहिले. पितृप्रधान समाजातल्या तीन पिढ्यांचे पुरुष एकदम नाहीसे केले आणि उरलेल्यांना हाकलले, तर तो समाज त्या मातीत पुन्हा उभा राहत नाही. मारणाऱ्यांना ते ठाऊक होते. प्रेते लपवून सन्मानाने दफनही होऊ न देणे, हेसुद्धा न्यायाधीशांनी हेतूचा दाखला म्हणून धरले. मात्र याच युद्धात प्रियेडोरला १९९२ मध्ये बिगर-सर्बांना दंडावर पांढरी पट्टी बांधून आणि घरावर पांढरे फडके लावून राहायला भाग पाडले, छळछावण्या उघडल्या, तिथल्या गुन्ह्यांना त्या न्यायाधिकरणाने हा शब्द दिला नाही. मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हटले, जबर शिक्षा दिल्या, पण हा शब्द नाही. अनेक अभ्यासकांना ते पटलेले नाही. आम्हालाही पटत नाही. पण कायद्याचे मोजमाप आणि इतिहासकाराचे मोजमाप वेगळे असू शकते, हे लेकीचे म्हणणे मान्य करावे लागते.

इथवर घरात सगळे एका बाजूला होते. नातेवाईक कौतुकाने ऐकायचे. बोस्नियावर मुलगी लिहिते म्हणजे कौमचे काम करते. वाद झाला तो दुसऱ्या प्रकरणावरून.

लेम्किनला हा शब्द शोधावासा वाटला तो मुळात नाझींमुळे नव्हे. १९२१ साली बर्लिनमध्ये एका आर्मेनियन तरुणाने तलत पाशाला भर रस्त्यात गोळी घातली आणि जर्मन ज्युरीने त्याला निर्दोष सोडले. लेम्किन तेव्हा विद्यार्थी होता. त्याने प्राध्यापकांना विचारले, लाखो माणसे मारल्याबद्दल तलतला कुणी अटक का केली नव्हती? प्राध्यापक म्हणाले, कोंबड्या पाळणाऱ्याने आपल्या कोंबड्या मारल्या तर त्यात दुसऱ्याने पडायचे कारण नाही. राज्य आणि प्रजा यांचेही तसेच. या उत्तराने त्याची झोप उडाली. म्हणजे या अभ्यासाची सुरुवातच १९१५ च्या उस्मानी तुर्कस्तानात आहे, आणि तिथे मारणारे हात मुसलमानांचे होते.

लेकीने दुसरे प्रकरण आर्मेनियनांवर घेतले आणि घरात आवाज चढले. चुलतभाऊ म्हणाले, "आधीच आपल्याला लोक काय काय म्हणतात. आता आपणच त्यांच्या हातात कोलीत द्यायचं?" लेक म्हणाली, "चाचा, सर्ब लोकही हेच म्हणतात." त्यावर ते ताट तसेच टाकून उठले.

या विषयात आमच्या घराचे एक टोक गुंतलेले आहे. आमच्या अम्मांच्या आजी डोंगरीला राहायच्या, आजोबा जहाजावर होते. खिलाफतीच्या दिवसांत मुंबईत तुर्कस्तानसाठी फंड जमा होत होते, तेव्हा त्या आजीने हातातल्या चांदीच्या बांगड्या काढून दिल्या. ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक लग्नात नव्या सुनेला सांगितली जाते. त्या काळच्या मुसलमानांचे तुर्कस्तानवरचे प्रेम उगाच नव्हते. १९१२ मध्ये बाल्कन युद्धात तिथल्या मुसलमानांची ससेहोलपट झाली तेव्हा डॉ. अन्सारी हिंदुस्थानातून वैद्यकीय पथक घेऊन गेले होते. घरदार गमावलेले ते निर्वासित मुसलमान अनातोलियात आले, आणि त्यांच्या रागाचाही पुढे वापर झाला. आर्मेनियनांच्या कत्तलीच्या बातम्या इंग्रज छापत होते, युद्धात इंग्रज शत्रूच्या बाजूला, मग त्या खोट्याच असणार असे इथल्या माणसाला वाटणे अगदी साहजिक होते. प्रचार होताही.

पण लेकीने आमच्यापुढे जे पुस्तक ठेवले ते इंग्रजाचे नव्हते. फाइझ अल-घुसैन या अरब माणसाचे होते. हौरानमधल्या बदू सरदाराच्या घरातला, शिकून वकील झालेला, उस्मानी सरकारात कैमकाम म्हणजे आपल्या तहसीलदारासारख्या हुद्द्यावर राहिलेला. युद्धात सरकारने त्याला पकडून दियारबकीरला पाठवले. वाटेत त्याने प्रेते पाहिली. दियारबकीरला तुरुंगात कैद्यांकडून, पहारेकऱ्यांकडून, अधिकाऱ्यांकडून जे ऐकले ते लक्षात ठेवले. पुढे तो निसटला, बसराला पोहोचला आणि तिथून जहाजाने आला तो थेट आपल्या मुंबईला. त्याच्या पुस्तिकेच्या प्रस्तावनेखाली मुंबई, सप्टेंबर १९१६ असे आहे. का लिहितो, तेही त्याने सांगितले आहे : उद्या युरोपातले लोक या कृत्याचा ठपका इस्लामवर ठेवतील, तो ठपका खोटा ठरावा म्हणून, हे करणाऱ्यांनी धर्माचा हुकूम मोडून केले हे नोंदले जावे म्हणून.

म्हणजे ज्या शहरात थोड्याच वर्षांनी बांगड्या दिल्या गेल्या, त्याच शहरात बसून एक मुसलमान ही साक्ष लिहून गेला होता. कुणी वाचली, कुणी नाही, कोण जाणे.

तो एकटाही नव्हता. हलबचा वाली जलाल बे याने हद्दपारीचे हुकूम पाळायला नकार दिला, त्याची बदली कोन्याला झाली, तिथेही त्याने जमेल तितक्यांना थांबवून धरले. नदीकाठी बसलेल्या, वाहत चाललेली माणसे दिसत असूनही हाती येईल तेवढ्यांनाच ओढणाऱ्या माणसासारखी आपली गत झाली, अशा अर्थाचे त्याने नंतर लिहिले. लिजेचा कैमकाम हुसेन नसिमी याने हुकूम मानला नाही, त्याला मारून टाकले. मक्केचे शरीफ हुसैन यांनी १९१७ मध्ये अरब सरदारांना पत्र पाठवले, की आपल्या घरच्यांना जपाल तसे या आर्मेनियनांना जपा. आणि खुद्द खलिफाच्या राजधानीत, इस्तंबूलमध्ये, १९१९ साली उस्मानी लष्करी न्यायालय बसले. त्याने तलत आणि एन्वर यांना त्यांच्या गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला. हे पराभवानंतरचे न्यायालय होते, विजेत्यांचे दडपण होते, हे खरेच. तरी कागद उस्मानी होते आणि साक्षीदारांत मुसलमानही होते. तानेर अकचाम या तुर्की इतिहासकाराने आपले आयुष्य याच कागदांवर घालवले. तुर्की सरकार हा शब्द आजही मान्य करत नाही. हा विषय उघडपणे मांडणाऱ्या ह्रांत दिंक या पत्रकाराला २००७ मध्ये इस्तंबूलच्या रस्त्यावर गोळी घातली गेली. त्याच्या अंत्ययात्रेला आलेल्या प्रचंड जमावात मुसलमान तुर्कच जास्त होते. मेलेल्या आर्मेनियनांची संख्या अभ्यासक दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त धरतात.

सूरह निसामधल्या त्या आयतीवर आपण खुत्बे ऐकत आलो आहोत, ज्यात साक्ष स्वतःच्या, आईबापांच्या, नातलगांच्या विरोधात जात असली तरी न्याय सोडू नये असा हुकूम आहे. खुत्ब्यात ती सोपी वाटते. जेवणाच्या ताटावर, सख्ख्या चुलतभावासमोर, ती जड जाते. पण आम्ही लेकीला प्रकरण गाळायला सांगितले नाही.

दुसरी एक गोष्ट आम्हाला तिच्याकडूनच कळली, आणि ती आपल्या घरांसाठी जास्त निकडीची आहे. ग्रेगरी स्टँटन या अमेरिकन अभ्यासकाने वंशसंहाराच्या दहा पायऱ्या सांगितल्या आहेत. 'आपण' आणि 'ते' अशी विभागणी इथून सुरू होऊन शेवटची पायरी नाकबुलीची. आपल्याकडे कुठे काही घडले की या दहा पायऱ्यांची यादी मोबाइलवर फिरू लागते, 'आपण सातवीवर आहोत' अशा खात्रीसह. जणू शनीची साडेसाती. स्टँटन स्वतःच सांगतो की या पायऱ्या एकामागून एक येतातच असे नाही, आणि प्रत्येकीवर थांबवता येते. यादी पुढे ढकलणाऱ्याला मात्र थांबवायचे कसे यात रस नसतो. भीती घराघरांत पोहोचते, दहावीतली पोरे अभ्यास सोडून तेच बोलत बसतात. दंगल, झुंडीने केलेली हत्या, घर पाडणे, प्रत्येकाला कायद्यात स्वतःचे नाव आहे, कलम आहे. ते नाव घेऊन फिर्याद देता येते. सगळ्यालाच नस्लकुशी म्हटले तर पोलीस ठाण्यातला हवालदारसुद्धा हसून घालवतो.

शब्द जपून, पुराव्यानिशी वापरला तर काय होते, याचे उदाहरण गांबियाचे. पश्चिम आफ्रिकेतला हा चिमुकला मुस्लिमबहुल देश. त्याचे न्यायमंत्री अबूबकर तांबादू यांनी पूर्वी रवांडाच्या न्यायाधिकरणात काम केले होते. २०१८ मध्ये ते बांगलादेशात रोहिंग्यांच्या छावणीत गेले आणि तिथल्या हकिगतींत त्यांना रवांडा दिसला. नोव्हेंबर २०१९ मध्ये गांबियाने म्यानमारला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले आणि जानेवारी २०२० मध्ये रोहिंग्यांच्या संरक्षणाचा अंतरिम आदेश मिळवला. मोठमोठ्या श्रीमंत मुस्लिम देशांना जमले नाही, ते एका वकिलाच्या जुन्या नोकरीने जमले. दक्षिण आफ्रिकेने डिसेंबर २०२३ मध्ये गाझासाठी इस्राएलविरुद्ध त्याच न्यायालयात दावा लावला तो याच वाटेने. त्यातही अंतरिम आदेश झाले आहेत, अंतिम निकाल यायचा आहे. गाझाचे फोटो पाहून आमचेही रक्त उकळते. लेक म्हणते, फोटो जपून ठेवा, कोणी, कुठे, कधी काढला ते लिहून ठेवा.

राहिल्या अम्मा. वय चौऱ्याऐंशी, डोळ्यांना दिसत नाही, कान शाबूत. वाद त्यांच्या कानावर गेलाच. आमची काळजी बांगड्यांची होती. एवढ्या अभिमानाने सांगितलेली आजीची गोष्ट, तिला धक्का लागला तर?

त्यांनी नातीला हाक मारली. "त्या अरबाने काय लिहिलंय ते वाच."

"दादी, वाईट आहे सगळं. तुला झोप येणार नाही."

"माझ्या आजीनं बांगड्या दिल्या त्या तिथल्या यतीम पोरांसाठी दिल्या. कोणाची पोरं ते तिला कुठं ठाऊक होतं? वाच तू."

पुस्तक लहानच आहे. मगरिबनंतर लेक एकेक पान घेऊन आमच्या बोलीत सांगते. बायकांचे काय झाले ते पान आले तेव्हा अम्मांनी हाताने थांब म्हणून खूण केली, तस्बीह घेतली, आणि बऱ्याच वेळाने म्हणाल्या, उद्या इथूनच पुढे वाच. निम्मे झाले आहे. चुलतभाऊ परवा आले होते. ते आत आले नाहीत, ओटीवर बसले. पण वाचन संपेपर्यंत उठलेही नाहीत.